मुका रेडिओ

ठाकुर्लीचें नांव काढलें कीं परक्या माणसाला रेल्वेचे रूळ आठवतात आणि येथल्या वृद्धांना चोळ्याचें वीजघर आठवतें. मुंबईंत ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं पहिली विजेची गाडी धावली. पुढें त्या गाड्यांना लागणारी वीज कित्येक वर्षें या वीजघरांत तयार होत असे. वीजघर केव्हांच शांत झालें, गाड्या मात्र शांत झाल्या नाहींत. दर चार-दोन मिनिटांनीं एखादी लोकल आमच्या खिडक्यांखालून जाते, आणि तिच्या छपरावरील पँटोग्राफ तारेपासून क्षणभर सुटला म्हणजे निळी ठिणगी पडते. अशा गांवीं बसून आकाशांतून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी पकडूं पाहणें म्हणजे भर बाजारांत मुंगीच्या पायांतील घुंगरू ऐकण्याचा हट्ट धरणें होय. तरी आमचे कांहीं विद्यार्थी हा हट्ट धरून बसले आहेत, आणि त्यांच्या पदरीं पहिल्या दिवशीं बहुधा निराशाच येते. त्या निराशेविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें. कारण ती कशी निस्तरावी यावर शाळेंतील पुष्कळ गोष्टी अवलंबून आहेत.

ज्या यंत्राविषयीं आम्ही बोलत आहों त्याला सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, आद्याक्षरांनीं एसडीआर, असें म्हणतात. जुन्या रेडिओंत स्टेशन निवडणें, लहरींतून ध्वनि वेगळा काढणें, खरखर गाळणें हीं सर्व कामें तारेचीं वेटोळीं, कंडेन्सर, व्हॉल्व्ह व पुढें ट्रान्झिस्टर यांच्याकडून होत. ज्या भागाला जें काम नेमून दिलें तेवढेंच तो जन्मभर करी. एसडीआरमध्यें अँटेनावर आलेली लहर शक्य तितक्या लौकर आंकड्यांत बदलतात आणि मग निवडणें, गाळणें, सोडविणें हा सारा हिशेब संगणक करतो. हिशेब बदलला कीं तोच रेडिओ दुसऱ्या कामाला लागतो. ही कल्पना जोसेफ मिटोला या अमेरिकन अभियंत्यानें १९९२ सालीं निबंधरूपानें मांडली. एरिक ब्लॉसम यांनीं २००१ सालीं ग्नू रेडिओ या मुक्त सॉफ्टवेअरचा आरंभ केला. त्याची मूळ लिखावट कोणालाहि वाचतां, बदलतां व वांटतां येते. यंत्रें मात्र महागच राहिलीं होतीं. २०१२ सालीं एक गंमत झाली. संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठीं निघालेल्या एका स्वस्त कांडींतील रियलटेक कंपनीची चिप लहरींचे कच्चे आंकडे जसेच्या तसे बाहेर देऊं शकते, हें कांहीं हौशी मंडळींच्या ध्यानांत आलें, आणि ऑस्मोकॉम या गटानें तिच्यासाठीं ड्रायव्हर लिहून तो जगाला फुकट दिला. तेव्हांपासून आरटीएल-एसडीआर या नांवानें ती कांडी शाळकरी मुलांच्या हातीं आली. तिच्या प्रचलित प्रकारानें सुमारें २४ पासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतां येतें. मुंबई आकाशवाणीचें १०७.१ वरील एफएम केंद्र तीवर लागतें. विमानें १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा व उंची सांगत असतात ती कळते. हवामानाच्या उपग्रहांचीं चित्रेंहि उतरतात.

असें हें वर्णन वाचून मुलगा उत्साहानें कांडी आणतो, लॅपटॉपला लावतो, अँटेना खिडकींत उभी करतो, आणि रेडिओ मुका. एक शब्द नाहीं. फार झालें तर समुद्राच्या गाजेसारखा एकसारखा सूं सूं आवाज. दुसऱ्या दिवशीं तो कांडी बदलतो, तिसऱ्या दिवशीं लॅपटॉप बदलतो, चौथ्या दिवशीं 'यंत्रच खराब निघालें' असा निकाल देतो. शाळेंत हीच गोष्ट अधिक गंभीरपणें होते. वस्तु कपाटांत जाते, तिच्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लागते, आणि पुढील वर्षीं ज्यांत उघडण्याजोगें कांहींच नाहीं अशी बंद पेटी विकत घ्यावी असा ठराव पुढें येतो. या ठरावाला आमचा विरोध आहे. आमचें स्पष्ट मत असें कीं, हीं खुलीं यंत्रें शाळेंत ठेवावयाचीं तीं मुख्यतः तीं अडतात म्हणूनच. उपग्रहाचें चित्र पाहावयाचें असेल तर तें विद्यार्थ्याला मोबाइलवर अर्ध्या क्षणांत पाहावयास मिळतें. आपल्या गच्चीवर तें कां उतरत नाहीं, हें त्याला दुसरीकडे कोठेंहि पाहावयास मिळत नाहीं.

आतां दोष शोधावयाचा म्हणजे करावयाचें काय? रेडिओ ही एक सांखळी आहे. अँटेना, केबल, जोड, कांडी, यूएसबीचा मार्ग, ड्रायव्हर, मुख्य सॉफ्टवेअर, शेवटीं ध्वनि निघण्याचा भाग. यांतील एकहि कडी तुटली तरी शेवटीं ऐकूं येणारी शांतता सारखीच असते. म्हणून 'बिघाड कशांत आहे' हा प्रश्न आम्ही मुलांना आधीं विचारूं देत नाहीं. 'कोठपर्यंत ठीक आहे' एवढेंच विचारावयाचें. सांखळीच्या मध्यावर उभें राहून पाहिलें कीं अर्धी सांखळी एका दमांत निर्दोष ठरते. उरलेल्या अर्धीचें पुन्हां तसेंच करावें. आणि आरंभ नेहमीं अशा लहरीनें करावा जी आहे याविषयीं शंकाच नाहीं. १०७.१ वरील केंद्राची लहर आमच्या भागांत इतकी जोरदार आहे कीं वीतभर तारेवरहि ती येते. ती ऐकूं आली नाहीं तर उपग्रहाच्या मागें धांवण्यांत अर्थ नाहीं. हा नियम ऐकावयास पोरकट वाटतो. पण तो पाळणारा मुलगा विरळा.

पहिली अडचण बहुधा ड्रायव्हरची असते. लिनक्स ज्या संगणकावर आहे त्याला ही कांडी मुळांत दूरचित्रवाणीची म्हणूनच ठाऊक आहे. ती लावतांच लिनक्समधील टीव्हीचा ड्रायव्हर तिचा ताबा घेतो, आणि मागाहून आलेल्या रेडिओच्या सॉफ्टवेअरला 'जागा भरलेली आहे' असें उत्तर मिळतें. घरांत आधींच भाडेकरू शिरावा तसा हा प्रकार. त्या ड्रायव्हरचें नांव वर्ज्य यादींत घालून संगणक पुन्हां सुरू केला म्हणजे वाद मिटतो. विंडोजवर प्रकार उलटा: तेथें झाडिग नांवाच्या लहानशा साधनानें कांडीला योग्य ड्रायव्हर स्वहस्तें जोडून द्यावा लागतो. यादींतील नांव न वाचतां घाईनें बटण दाबलें तर तो ड्रायव्हर कांडीऐवजीं माउसला किंवा कीबोर्डला जाऊन बसतो. मग रेडिओ राहिला बाजूला, संगणकच हातचा जातो. २०२३ सालीं निघालेल्या आरटीएल-एसडीआर ब्लॉगच्या चौथ्या आवृत्तीच्या कांडीची आणखी एक तऱ्हा आहे. तिच्या आंतील ट्यूनर निराळा असल्यामुळें जुन्या ड्रायव्हरवर ती सुरू झाल्यासारखी दिसते, पडद्यावर आकृति हलतात, पण स्टेशन म्हणून लागत नाहीं. येथें कांडी निर्दोष, संगणक निर्दोष, अँटेना निर्दोष. दोष फक्त दोघांच्या ओळखींत. असा दोष हातानें चाचपून सांपडत नाहीं, वाचूनच सांपडतो.

दुसरी अडचण संगणकाच्या दमाची. कांडी एका सेकंदांत सुमारें चोवीस लक्ष नमुने पाठविते. प्रत्येक नमुन्याचे दोन बाइट धरले तर दर सेकंदाला अठ्ठेचाळीस लक्ष बाइट होतात. लांब व हलक्या प्रतीच्या यूएसबी केबलीनें, किंवा एकाच वेळीं दहा खिडक्या उघडून बसलेल्या लॅपटॉपनें, हा ओघ झेपत नाहीं. मग मधले नमुने गळतात आणि आवाज तुटक येतो. मोठ्या यंत्रांच्या कांहीं सॉफ्टवेअरमध्यें अशा वेळीं पडद्यावर 'ओ' या इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. तें अक्षर म्हणजे संगणकाची ओरड आहे: 'पुरे, मला घेववत नाहीं'. आमच्या पाहण्यांत असें येतें कीं मुलें ही ओरड वाचीत नाहींत. शेवटची ओळ तेवढी पाहतात आणि खिडकी बंद करतात.

तिसरी गोष्ट घड्याळाची. प्रत्येक कांडींत एक स्फटिक असतो व त्याच्या स्पंदनांवर सर्व गणित चालतें. स्वस्त स्फटिक दशलक्षांत पन्नास भागांनीं चुकला तर १०० मेगाहर्ट्झवर ५ किलोहर्ट्झ आणि १०९० मेगाहर्ट्झवर चोपन्न किलोहर्ट्झांहून अधिक फरक पडतो. शिवाय कांडी तापूं लागली कीं हा फरकहि सरकतो. म्हणून चांगला निरीक्षक ती लावल्यावर कांहीं वेळ तिला तशीच चालूं देतो, माहितीच्या केंद्रावर फरक मोजतो, तो सॉफ्टवेअरला सांगतो, आणि मगच अनोळखी लहरीकडे वळतो.

पण ज्या दोषाविषयीं आम्हांस सर्वांत अधिक सांगावेंसें वाटतें तो मुकेपणाच्या उलट आहे. कधीं कधीं रेडिओ नको तितका बोलका होतो. आवाज येत नाहीं म्हणून मुलगा गेन वाढवीत जातो, आणि जेथें कोणतेंहि केंद्र असूं नये तेथें त्याला गाणीं ऐकूं येतात. तो आनंदून सांगत सुटतो कीं मला नवें स्टेशन सांपडलें. वस्तुतः मुंबईच्या एफएम केंद्रांच्या जोरदार लहरी कांडीच्या पोटांत एकमेकींवर आदळून तिसऱ्याच जागीं आपली सांवली पाडीत असतात. खरी लहर आणि सांवली यांची पारख करण्याची एक सोपी युक्ति आहे. कांडींत शिरण्यापूर्वीं लहर मंद करणारा दहा डेसिबेलचा अॅटेन्युएटर मध्यें बसवावा. खरी लहर तेवढीच म्हणजे दहानेंच उतरते. अशी सांवली त्याहून किती तरी अधिक, पुष्कळदां तीसपर्यंत उतरते. आपल्याला हवें तें दिसत असतां तें खरें आहे कीं नाहीं हें तपासण्यासाठीं स्वतः होऊन जोर कमी करणें, हें तरुण वयांत जड जातें. पण विज्ञानाच्या तासाला आम्ही ज्या सचोटीविषयीं इतकें बोलतों ती येथें एका लहानशा डबींत मूर्तिमंत होऊन बसली आहे, आणि ती विद्यार्थ्यानें स्वतःच्या हातानें बसवावयाची आहे.

आतां आमच्या गांवची म्हणून जी खास गडबड आहे तिच्याकडे येऊं. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, जिन्यांतील पंप हीं सारीं रेडिओच्या दृष्टीनें गोंगाट करणारीं बिऱ्हाडें होत. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, घरांतील मुख्य बटण वडीलधाऱ्यांस विचारून दोन मिनिटें बंद करावें आणि पडद्यावरील खरखरीची पातळी उतरते कीं काय तें पाहावें. उतरली तर शत्रु घरांतलाच आहे. एकेक बटण लावीत गेलें म्हणजे तो सांपडतो. न उतरली तर घड्याळ घेऊन खिडकींत बसावें. रुळांवरच्या तारेंत आतां पंचवीस हजार व्होल्टचा प्रवाह असतो, आणि ठिणगीबरोबर उठणारी खरखर लोकलच्या वेळांशीं जुळते. जी खरखर गाडी आली कीं येते व गाडी गेली कीं जाते तिच्याविषयीं वाद घालण्याचें कारण उरत नाहीं. रात्रीं शेवटची गाडी गेल्यावर पहांटेपर्यंत जी थोडी उसंत मिळते तीच आमची वेधशाळेची वेळ. पालकांस ही वेळ मान्य नसते, हें आम्हांस ठाऊक आहे.

आणि पाऊस. कोंकणपट्टींतील पावसापुढें परदेशी पुस्तकांतील सल्ले टिकत नाहींत. जूनमध्यें उत्तम चालणारी गच्चीवरील अँटेना ऑगस्टमध्यें मुकी होते. सॉफ्टवेअर दोनदां पुसून पुन्हां भरलें जातें. आणि शेवटीं जोड उघडून पाहावा तों आंत पाण्याचा थेंब आणि तांब्यावर हिरवी बुरशी. पाणी केबलीच्या जाळींतून केशाकर्षणानें आंत चढतें व लहर वाटेंतच गिळून टाकतें. जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, आणि केबल खिडकींतून आंत घेण्यापूर्वीं तिला बाहेर एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशीं ठिबकून जातें. हा झोळ आमच्या गांवच्या केबलवाल्यांना शाळेंत न जातांहि ठाऊक आहे. त्यांना एकदां वर्गावर बोलावून व्याख्यान देववावें अशी आमची सूचना आहे. ती थट्टेनें केलेली नाहीं.

कधीं कधीं मात्र सांखळींतील सर्व कड्या अभंग असतात आणि तरी शांतता असते. पुष्कळ मार्गदर्शक पुस्तिकांत नवशिक्यानें प्रथम नोआ-१५, नोआ-१८ व नोआ-१९ या अमेरिकन हवामान-उपग्रहांचीं चित्रें १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत उतरवावीं असें लिहिलेलें असतें. त्या पुस्तिका जेव्हां लिहिल्या तेव्हां तें बरोबर होतें. पण नोआ-१८ हा जून २०२५ मध्यें आणि उरलेले दोन त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें सेवेंतून काढण्यांत आले. त्यानंतर जो विद्यार्थी पुस्तिकेबरहुकूम गच्चीवर उभा राहिला त्याला कांहींच ऐकूं येणार नाहीं, आणि तो बिचारा आपल्या सोल्डरिंगला दोष देत बसेल. यंत्राला दोष देण्यापूर्वीं पुस्तकाची तारीख पाहावी, हा धडा पाठ्यपुस्तकांच्या आपल्या देशांत शिकविणें कठीण आहे. येथें तो आकाशानेंच शिकविला. त्याच पट्ट्यांत चित्रें पाठविणारे रशियाचे मेटिऑर मालिकेचे उपग्रह आहेत. त्यांची पद्धति अंकी असल्यामुळें सांखळी थोडी अधिक लांब होते, इतकेंच.

कोणी म्हणेल, हीं सारीं श्रीमंत देशांतलीं खेळणीं. आमच्या ठाकुर्ली-कल्याणच्या मुलांचा यांच्याशीं संबंध काय? संबंध फार जुना आहे, आणि तो आमच्या मुलांस कोणी सांगत नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें. भारतांतील रेडिओ-खगोलशास्त्राची एक आद्य दुर्बीण येथून जवळच, कल्याणजवळ, १९६५ सालीं उभी राहिली. ती उभारणारे गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९ सालीं उत्तर प्रदेशांतील ठाकूरद्वारा येथें झाला (ठाकुर्लीशीं त्या गांवाचें नातें नांवापुरतेंच). १९५३ सालीं ते ऑस्ट्रेलियांत शिकावयास गेले. तेथें सिडनीच्या पॉट्स हिल येथें क्रिस्टियान्सन यांनीं सहा-सहा फुटी बत्तीस तबकड्यांची रांग उभारली होती. स्वरूप व त्यांचे सहकारी पार्थसारथी यांनीं ती रांग दुसऱ्या तरंगलांबीसाठीं बदलून घेतली. म्हणजे दुसऱ्यांचें यंत्र उघडून, समजून घेऊन, त्याला नवें काम शिकविलें. पुढें ऑस्ट्रेलियाला त्या तबकड्या नकोशा झाल्या तेव्हां त्या भारताला भेट मिळाल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडून त्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे आल्या. होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून स्वरूप १९६३ सालीं या संस्थेंत रुजू झाले होते, आणि दोन वर्षांच्या आंत चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरांवर व आठ दक्षिणोत्तर २५६ मीटरांवर उभ्या राहून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचें निरीक्षण करूं लागल्या. परक्यांनीं टाकून दिलेल्या वस्तूंतून, तरुण मुलांच्या लहानशा गटाच्या हातून हें काम झालें.

६१० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें ४९ सेंटिमीटर असते. बत्तीस तबकड्यांवरच्या लहरी केबलींतून एकत्र आणून त्यांची बेरीज करावयाची तर त्या एकाच तालांत पोहोंचल्या पाहिजेत. एखादी केबल नुसती वीतभर लांब झाली कीं त्या तबकडीची लहर उलटी पडते आणि बेरजेची वजाबाकी होते. शेंकडों मीटर केबलींत हा वीतभर दोष शोधावयाचा कसा? कल्याणला येण्यापूर्वींच, स्टॅनफर्ड येथें असतां, स्वरूप व यांग यांनीं १९६१ सालीं या प्रश्नावर एक सुंदर तोड प्रसिद्ध केली होती. मध्यवर्ती जागेवरून लहर केबलींत सोडावयाची, दूरच्या टोकाला एका लहानशा डायोडनें ती ठराविक तालावर परतवावयाची, आणि परत आलेल्या लहरीला तो ताल आहे म्हणून ती इतर सर्व परावर्तनांतून वेगळी ओळखावयाची. तिच्यावरून केबलीची खरी लांबी एकाच टोकाला बसून कळते. आम्ही वर जी 'कोठपर्यंत ठीक आहे' ही कसोटी सांगितली तिचेंच हें थोर रूप आहे.

पुढची कथा मोठी आहे व ती येथें सांगण्याचें कारण नाहीं. उटीची दुर्बीण १९७० सालीं झाली. नंतर पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी उभी राहिली. आमच्या विषयाला लागून एवढेंच सांगावयाचें कीं, तीस तबकड्यांच्या लहरींचा जो प्रचंड गुणाकार पूर्वीं खास बनविलेलीं विद्युत्-यंत्रें करीत, तो सर्वसाधारण संगणकांच्या समूहावर लिनक्सखालीं करणारें सॉफ्टवेअर तेथील शास्त्रज्ञांनीं स्वतः लिहिलें, आणि त्याचें वर्णन २०१० सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे आमच्या मुलाच्या लॅपटॉपवर जें चालतें त्याच जातीचें काम. रेल्वे, मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारा यांच्या गोंगाटाशीं त्यांचेंहि भांडण चालूच असतें. त्यांच्या तबकड्या मोठ्या आहेत. शंका घेण्याची रीत तीच.

आतां विरुद्ध बाजू. मुक्त सॉफ्टवेअरचे भक्त सांगतात तितकें तें साधें नाहीं, हें आम्ही मान्य करतों. ग्नू रेडिओच्या ३.७ आवृत्तीवरून २०१९ सालीं ३.८ वर उडी झाली तेव्हां पायथन भाषेची पिढी बदलली आणि आराखड्यांच्या फाइलींची लिहिण्याची पद्धतहि बदलली, पुढें ३.९ मध्यें आंतील जोडणी पुन्हां बदलली. परिणाम असा कीं एखाद्या हौशी माणसानें जुन्या आवृत्तीसाठीं प्रेमानें लिहिलेला भाग नव्या आवृत्तींत पाय ठेवतांच कोसळतो, आणि तो माणूस तोंवर दुसऱ्या छंदाला लागलेला असतो. फुकट मिळालेल्या वस्तूविषयीं तक्रार कोणाकडे करावयाची? शिवाय चौकशी केली असतां 'आधीं वाचा, मग विचारा' असें तुसडें उत्तर देणारे महाभागहि असतात. शिकणाऱ्या मुलाला त्यानें जी जखम होते ती आम्ही पाहिली आहे. पण याला उपाय बंद पेटी हा नव्हे. बंद पेटी बिघडते तेव्हां ती कांहींच सांगत नाहीं. ती बनविणाऱ्याकडे पाठवावी लागते, आणि तो दुकान बंद करून गेला असला तर ती कायमची मुकी. खुल्या यंत्राला निदान तोंड असतें. तें वेडेंवांकडें बोलतें, इंग्रजींत बोलतें, पण बोलतें.

वेळाचा आक्षेप अधिक खरा आहे. परीक्षा जवळ आल्या असतां चार दिवस एका ड्रायव्हरवर घालविणें शिक्षकाला परवडत नाहीं. म्हणून आमची मागणी माफक आहे. विज्ञानमंडळास आठवड्यांतून एक तास द्यावा, आणि त्या तासाला यश दाखविण्याची सक्ती नसावी. शाळेच्या प्रदर्शनांत चालूं झालेल्या यंत्रांबरोबर न चाललेलींहि मांडावीं, व तीं कोठपर्यंत ठीक आहेत हें शेजारीं पाटीवर लिहावें. एक मर्यादा मात्र कडक पाळावी: ऐकावें तें सर्वांसाठीं सोडलेलें असेल तेंच, आणि कांहीं एसडीआर यंत्रें लहरी सोडूंहि शकतात, तीं परवान्याशिवाय कोणीहि चालवूं नयेत. ज्याला बोलावयाचें आहे त्यानें हौशी रेडिओची सरकारी परीक्षा द्यावी. ती अवघड नाहीं.

आणि एक वही असावी. दोन बोटें जाडीची, रेघी, साधी वही. तींत प्रत्येक बिघाडाची तारीख, कांडीचा प्रकार, सॉफ्टवेअरची आवृत्ति, हवामान, काय अपेक्षित होतें व काय दिसलें हें लिहावें. संगणकानें दिलेला संदेश शेवटच्या ओळीपुरता न लिहितां सगळा उतरवावा, आणि त्याखालीं त्याचा अर्थ मराठींत लिहावा. मराठींत अशी सामग्री फारच थोडी आहे. दहा वर्षें अशी वही चालली तर ती आपोआप एक ग्रंथ होईल, आणि तो डोंबिवली-कल्याणच्या पावसाचा, गाड्यांचा व दिव्यांचा असल्यामुळें दुसऱ्या कोणास लिहितांहि येणार नाहीं. ज्याला मदत मागावयाची आहे त्यानें आधीं हें पान भरावें. अर्ध्या जणांना भरतां भरतांच दोष सांपडतो असा अनुभव आहे. वही प्रयोगशाळेच्या दाराशीं खिळ्याला दोरीनें बांधून टांगावी. कपाटांत ठेवूं नये. कपाटाची किल्ली नेमकी त्या दिवशीं कोणाच्या तरी खिशांतून घरीं गेलेली असते.